तेल महाग आणि घरं स्वस्त होत असताना आर्थिक अंदाजांवर किती विसंबावं?

पुढच्या वर्षी विकासदर अमुक टक्के राहील, या आकड्यावर फार विसंबू नका. तो आकडा कोणत्या गृहीतकांवर उभा आहे ते मात्र जरूर वाचा. मी तर असे अहवाल तिथूनच वाचायला घेतो.

तुम्ही विचारलंय की तेल महागणं आणि घरांचे भाव पडणं हे दोन धक्के एकत्र आले की तज्ज्ञांचे अंदाज इतके का फसतात. दोन्ही धक्के रोजगाराला मारकच, पण महागाईला ते उलट दिशांना ओढतात. तेल चढलं की वाहतुकीपासून खतापर्यंत सगळं महागतं. घरांचे भाव पडले की लोक खर्चाला हात आखडता घेतात, बांधकामं थांबतात, बँकांकडचं तारण हलकं होतं आणि नवी कर्जं आटतात. शिवाय तेलाचा भाव रोज पंपावर दिसतो. घरांचं तसं नाही. विकणारा जुन्या भावाला चिकटून बसतो, त्यामुळे आधी सौदे घटतात आणि भाव बऱ्याच उशिरा उतरतात. महागाई डोळ्यांसमोर असते, मंदी आडून येते.

2008 मध्ये हेच झालं. अमेरिकेत घरांचे भाव 2006 पासून ढासळू लागले होते. तरी मार्च 2007 मध्ये फेडरल रिझर्व्ह या अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष बेन बर्नान्की म्हणाले की सबप्राइम, म्हणजे परतफेडीची खात्री कमी असलेल्यांना दिलेल्या, कर्जांचा फटका आटोक्यात राहील असं दिसतं. जुलै 2008 मध्ये तेल पिंपामागे 147 डॉलरला भिडलं आणि त्याच महिन्यात युरोपियन सेंट्रल बँकेने महागाईच्या धास्तीने व्याजदर 4.25 टक्क्यांवर नेला. सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स ही बडी अमेरिकी गुंतवणूक बँक बुडाली, डिसेंबरात तेल 40 डॉलरच्याही खाली आलं. अमेरिकेतली मंदी डिसेंबर 2007 मध्येच सुरू झाली होती, हे अधिकृतपणे जाहीर झालं 1 डिसेंबर 2008 रोजी! म्हणजे भविष्य सोडाच, चालू वर्तमानही कोणाला धड कळलं नव्हतं. त्या वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत अमेरिकेची अर्थव्यवस्था वार्षिक 3.8 टक्के दराने आकसली, असा पहिला अंदाज आला. पुढे दुरुस्त होत होत तो घसरणीचा आकडा 8 टक्क्यांच्या पुढे गेला.

गृहीतकांत मी दोन गोष्टी शोधतो. पहिली, तेलाचा भाव कुठून घेतलाय. बहुतेक संस्था वायदेबाजारातला, म्हणजे पुढच्या तारखेच्या सौद्यांचा, भाव उचलतात, आणि टंचाईच्या काळात तो फार भरवशाचा नसतो. दुसरी, घरांच्या भावाचा इतिहास किती मागे जातो. अंदाज बांधणाऱ्या 2008 आधीच्या अनेक गणिती मॉडेलांत फक्त दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळाची आकडेवारी होती. त्या काळात अमेरिकेत देशभर एकदम मोठी घसरण झालेलीच नव्हती, मग मॉडेलला ती सुचणार कुठून?

जेम्स हॅमिल्टन या अर्थतज्ज्ञांनी 2009 मध्ये मांडलं की त्या मंदीच्या सुरुवातीला तेलदरवाढीचा वाटा मोठा होता, विशेषतः गाड्यांचा खप पडल्यामुळे. सगळं खापर बँकांवर फोडण्याच्या नादात हे मागे पडलं, असं मला वाटतं.

तेव्हा विकासदराच्या आकड्याआधी घरांचे सौदे, बांधकाम परवाने, थकलेले हप्ते आणि गाड्यांची विक्री बघा. आणि अहवालात तेल चढं व घरं पडती, असं दोन्ही एकत्र धरून केलेलं गणित नसेल, तर तो बाजूला ठेवा.