आईचा उपचार, आईला विचारून

प्रश्न : आम्ही धाराशिव जिल्ह्यातील एका खेड्यात राहतो. आईला (वय ५८) स्तनाचा कर्करोग असल्याचे बायॉप्सीतून निश्चित झाले आहे. तपासण्या आणि सरकारी योजनेची कागदपत्रे यांसाठी आम्ही दोघे भाऊ धावपळ करीत आहोत; परंतु मुंबईचे नाव काढले की आई "मला तिकडं नेऊ नका" एवढेच म्हणते आणि गप्प होते. तिची समजूत कशी घालावी?
– एक वाचक

उत्तर : समजूत घालण्याआधी, मुंबई का नको, हे आईंना एकटीला शांतपणे विचारावे. रुग्णालयातील समाजसेवा विभागात बसल्यावर लक्षात येते की या नकारामागे प्रत्येकीचे कारण वेगळे असते. कोणाला मुलांवर कर्ज होईल याची धास्ती असते, कोणाला परक्या पुरुष डॉक्टरांसमोर तपासणीचा संकोच असतो, तर कोणाला गोठ्यातल्या म्हशीची धार कोण काढील याची काळजी. कर्जाच्या भीतीला योजनेची नीट माहिती हवी, संकोचाला स्त्री-डॉक्टरची विनंती आणि म्हशीसाठी शेजारच्या घराशी बोलणे. कारण कळल्याखेरीज केलेला आग्रह तिघींच्याही उपयोगाचा नाही.

न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात हॅरॉल्ड फ्रीमन या शल्यचिकित्सकांनी १९९० साली रुग्णांसाठी मार्गदर्शक नेमले, तेही अशाच अनुभवातून. गाठ संशयास्पद ठरल्यानंतरही गरीब स्त्रिया पैसे, भीती आणि रुग्णालयाच्या कारभारातील गोंधळ यांमुळे मध्येच अडकत होत्या. प्रत्येकीची अडचण ओळखून ती दूर करणे हे त्या मार्गदर्शकाचे काम होते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात 'केवट' या उपक्रमातील प्रशिक्षित मार्गदर्शक हेच काम करतात.

मुंबईला जावेच लागेल, असे मात्र गृहीत धरू नका. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय तुमच्या जवळ आहे आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि किरणोपचार यांपैकी आईंना काय लागणार आहे आणि त्यातले काय जवळ होऊ शकते, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. एखादा टप्पा मुंबईतच करावा लागला, तर दादरला कर्करोगाच्या रुग्णांना आसरा देणारी गाडगे महाराज धर्मशाळा आहे, हे आईंना आधीच सांगा. राहण्याची चिंता पुष्कळदा बोलून दाखवली जात नाही.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी अंगीकृत, म्हणजे योजनेत सहभागी असलेल्या, रुग्णालयातील आरोग्यमित्राला (योजनेचे काम पाहणाऱ्या माणसाला) भरती होण्यापूर्वीच भेटा, कारण उपचारांना पूर्वमंजुरी लागते. शिधापत्रिका आणि आधार कार्ड यांवरील आईंचे नाव अक्षरशः जुळते का, हे आजच पाहा. एकावर माहेरचे आणि दुसऱ्यावर सासरचे नाव असल्याने ऐन वेळी खोळंबा झालेला मी अनेकदा पाहिला आहे. आरोग्यमित्र योजनेचे कामकाज सांभाळतो. आईंच्या मनातली भीती ऐकण्यासाठी त्याच्यावर विसंबू नये, त्यासाठी रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकाची भेट मागावी.

पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोरच्या खुर्चीवर आईंना बसवा आणि तुम्ही दोघे मागे उभे राहा. आईंना डॉक्टरांकडून जे जाणून घ्यायचे आहे ते प्रश्न आदल्या रात्री त्यांच्याच शब्दांत कागदावर उतरवून घ्या आणि त्यांतला पहिला त्यांना स्वतः विचारू द्या. हे सारे येत्या काही दिवसांतच करायला हवे. उपचार लांबवणे आईंच्या हिताचे नाही, हेही डॉक्टरांकडून त्यांना थेट ऐकू द्यावे.