पिवळी फुली

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत नेवाडा राज्यात, एल्को गावाकडे जमीन मोजणीच्या कामावर आहे. त्याने पाठवलेल्या फोटोत ओसाड माळावर मातीची सरळ पट्टी दिसते. दोन्ही टोकांना मोठी पिवळी फुली, कडेला पांढरे टायर आणि विंडसॉकचा (वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी नळीचा) नुसता खांब. गुरं पाळणाऱ्या एका कुटुंबाची ती खासगी धावपट्टी होती म्हणे. आता तिथं कुणीच नाही, मग फुली कुणासाठी? अडचणीतलं विमान तिथं उतरेल का?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : फुली वरून बघणाऱ्यासाठी. तिचा अर्थ एवढाच : ही धावपट्टी बंद आहे, इथं उतरू नका. माणसं निघून गेली तरी आकाशातून पट्टी पूर्वीसारखीच सरळ आणि रिकामी दिसते. पट्टी कायमची बंद केल्यावर मालकानं तसं तिथल्या विमानवाहतूक प्रशासनाला कळवायचंही असतं.

गोव्यातल्या दाबोळी विमानतळावर धावपट्टीच्या देखभालीत माझी ३१ वर्षं गेली. मुलगी नेवाडातच, रीनो शहरात असते. तिच्याकडे गेलो असताना एल्कोच्या बाजूची अशीच एक पट्टी मालकाला विचारून पाहिली. सवयीनं या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो. मधोमध सेजब्रशची झुडपं गुडघ्याएवढी वाढलेली, बिळं जागोजाग, आणि अर्ध्यावर एक आडवी चर. वीस पावलांवर येईपर्यंत ती मला दिसली नव्हती. विमानाचं पुढचं चाक त्यात गेलं असतं तर काय झालं असतं, या विचारानं मी तिथंच थांबलो. आपल्याकडे वर्षाचा पाऊस ३००० मिलिमीटरच्या घरात, तिथं जेमतेम २५०. पण कधी कधी तो एखाद्या वळवासारखा कोसळतो, कडक जमिनीत मुरत नाही, आणि वाहताना माती कापत जातो.

अशा पट्ट्या हौसेच्या नव्हेत. गुरं मैलोन् मैल पांगलेली; पाण्याच्या टाक्या, कुंपणं बघायला जीपनं दिवस जायचा. १९४९ पासून मिळू लागलेलं पायपर सुपर कब हे दोन आसनी विमान तेच काम तासाभरात करी आणि थोडक्या जागेत उतरे.

उतरण्याबद्दल. इंजिनच बंद पडलं तर वैमानिक समोर दिसेल ती सपाट जागा घेणारच. गोवा मुक्तीच्या वेळी, १८ डिसेंबर १९६१ ला, आपल्या हवाई दलानं दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले, तरी रात्री घाईनं बुजवलेल्या तुकड्यावरून दोन पोर्तुगीज विमानं कराचीकडे उडालीच. पण त्या पट्टीवर माणसं राबली होती, खड्डे कुठं आहेत ते त्यांना ठाऊक होतं. माळावरच्या पट्टीचं तसं नाही. आणि उतरलात तरी परत उडणं कठीण : एल्को समुद्रसपाटीपासून सुमारे ५००० फुटांवर आहे. दुपारी पारा ३५ अंशांवर गेला की हवा इतकी विरळ होते, की विमानाला आपण साडेआठ हजार फुटांवर आहोत असंच वाटतं. पंखांना उचल कमी, इंजिनाला जोर कमी, धाव मात्र लांब.

मी पाहिलेल्या पट्टीवर फुलीची एक फळी वाऱ्यानं फिरून नुसती तिरकी रेघ उरली होती. मुलीनं आणि मी ती जागेवर आणून वर दगड ठेवले, आणि मालकाला फोन केला. तुमच्या भाच्याला सांगा, फोटोसाठीसुद्धा त्या फळ्या हलवू नकोस. आणि रंग उडालेला दिसला तर जमिनीच्या मालकाला कळव.