कार्ड राहू द्या, आधी ती पॉलिसी बघू

प्रश्न : वय ४१. न्यू जर्सीत एडिसनला राहतो, एच-१बी व्हिसा. पगार वर्षाला १,४०,००० डॉलर. पत्नी नोकरी करत नाही, मुलं दोन. बेसबॉल कार्डांचा नाद आहे. टॉप्स कंपनीने १९५२मध्ये छापलेलं, मिकी मॅन्टल या नामवंत खेळाडूचं कार्ड २८,००० डॉलरला मिळतंय. पीएसए या कार्ड तपासणाऱ्या संस्थेने त्याला १०पैकी १ ग्रेड दिलीय. पाच वर्षांत दुप्पट होईल असं विक्रेता म्हणतो. ४०१-केमधून (कंपनीमार्फतच्या निवृत्ती बचत खात्यातून) कर्ज काढून घेऊ का? ४०१-केत पगाराचे २ टक्के टाकतो, कंपनी ५ टक्क्यांपर्यंत तेवढेच घालते. शिवाय तीन वर्षांपासून आययूएल, म्हणजे शेअर बाजाराच्या निर्देशांकाशी जोडलेली, विमा आणि बचत एकत्र असलेली पॉलिसी आहे, हप्ता महिना ९०० डॉलर, कव्हर ३ लाख.

उत्तर : नका घेऊ. हौस मला कळते, पण हिशोब बघा. दुप्पट झालंच असं धरू : ५६,०००. लिलावघराचा वाटा जाऊन हातात ४६,००० येतील. अशा वस्तूंच्या नफ्यावर शेअर्ससारखा १५ टक्के कर नसतो, कमाल २८ टक्क्यांपर्यंत जातो. तुमच्या उत्पन्नाला २२च्या आसपास, वर राज्याचा. उरले ४१,००० म्हणजे वर्षाला ८ टक्के. आणि हे सगळं भाव दुप्पट झाला तर!

ऑगस्ट २०२२मध्ये १.२६ कोटी डॉलरला गेलेलं मॅन्टल ९.५ ग्रेडचं होतं. घड्या पडलेल्या, कोपरे झिजलेल्या १ ग्रेडच्या कार्डाला तो भाव दाखवून विकणं ही फसवणूकच. न खपलेली ती कार्डं टॉप्सने १९६०मध्ये समुद्रात बुडवली, म्हणून ती दुर्मिळ, असं सांगतात. पण ज्या मोठ्या कागदावर ती कार्डं एकत्र छापली, त्यावर मॅन्टल दोनदा होता, हे विक्रेता सांगणार नाही.

कर्जाचा धोका त्याहून मोठा. एच-१बीवर नोकरी गेली तर दुसरी शोधायला किंवा देश सोडायला साधारण ६० दिवस मिळतात. उरलेलं कर्ज त्या वर्षाच्या टॅक्स रिटर्नच्या मुदतीत फेडलं नाही, तर ती रक्कम उत्पन्न धरली जाते आणि वर १० टक्के दंड. नेमकं तेव्हाच कार्ड पडेल भावाने विकावं लागेल.

आता तुम्ही न विचारलेलं. उद्या तुम्हाला काही झालं तर पत्नी आणि मुलांना मिळणार ३ लाख, म्हणजे दोन वर्षांचा पगार! त्यासाठी महिना ९००? 'बाजार पडला तरी तोटा नाही' हे ऐकवताना नफ्याला वरून मर्यादा असते, लाभांश मिळत नाही आणि विम्याचा खर्च वयाबरोबर वाढतो, हे कुणी सांगितलं का? मिळवत्या एकट्या माणसाच्या गळ्यात अशी पॉलिसी मारणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. निरोगी, धूम्रपान न करणाऱ्या ४१ वर्षांच्या माणसाला १० लाखांचा वीस वर्षांचा टर्म विमा (ठरावीक मुदतीचा, बचत न जोडलेला निव्वळ विमा) महिना १०० डॉलरच्या आसपास मिळतो.

दुसरीकडे कंपनीचे वर्षाला ४,२०० डॉलर तुम्ही सोडून देताय.

९०० डॉलर म्हणजे वर्षाचे १०,८००. त्यातून टर्मला १,२००, ४०१-के ५ टक्क्यांवर न्यायला ४,२००. उरलेले ५,४०० बचत खात्यात, सहा महिन्यांचा घरखर्च साठेपर्यंत. त्यातून वर्षाला पाचशेची कार्डं खुशाल घ्या.

क्रम मात्र चुकवू नका. आधी टर्मची मेडिकल होऊन पॉलिसी हातात येऊ द्या, मगच आययूएल सोडा. विमा कंपनीकडून आजची सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे पॉलिसी मोडली तर परत मिळणारी रक्कम, लेखी मागवा. भरले ३२,४००, परत बरेच कमी मिळतील. जीव कळवळेल, तरी पुढचा हप्ता भरून ते परत येणार नाहीत. एजंट 'अजून दोन वर्षं थांबा' म्हणेल. त्याला सरेंडर चार्ज (पॉलिसी लवकर मोडल्याबद्दलची कपात) दरवर्षी किती कमी होतो ते विचारा आणि त्या आकड्याशेजारी १०,८०० लिहून बघा.