मत कोणाचं, हे आधी विचार

प्रिय मुली,

प्रबंधाचा आराखडा वाचला. राष्ट्रीय पर्यवेक्षकच, म्हणजे बँकांवर देखरेख करणारी देशातली संस्थाच, कायदा पाळत नसेल तर युरोपीय संघाच्या यंत्रणांनी त्याच्याकडून तो कसा पाळून घ्यायचा, हा विषय तू निवडलास याचा मनापासून आनंद झाला. बँकांच्या देखरेखीची कलमं कोरडी वाटतात, पण त्यांच्यामागे माणसांचे पैसे अडकलेले असतात. तुला ते दिसलंय. मात्र आराखड्यातलं मुख्य विधान मला पटलं नाही. 'कलम १७ पुरेसं कडक आहे, वापरण्याची इच्छाशक्ती नाही,' असं तू लिहितेस. इच्छाशक्तीवर बोट ठेवलं की पुढे शोधायला काही उरत नाही. ही इच्छा कोणाची असायला हवी, याचं उत्तर त्या कलमात सापडणार नाही. ते युरोपीय प्राधिकरणांच्या निर्णय घेणाऱ्या मंडळाच्या रचनेत आहे. तिथून सुरुवात कर.

२००८च्या संकटानंतर झाक द लारोझियेर यांच्या समितीने फेब्रुवारी २००९मध्ये अहवाल दिला आणि १ जानेवारी २०११पासून तीन प्राधिकरणं उभी राहिली: बँकांसाठी, विमा आणि पेन्शनसाठी, रोखेबाजारासाठी. नियम सगळ्या संघाचे, अंमलबजावणी मात्र देशोदेशीच्या पर्यवेक्षकांची, अशी ही मांडणी. पर्यवेक्षक चुकला तर काय, याचं उत्तर म्हणजे या प्राधिकरणांच्या स्थापनेच्या कायद्यातलं कलम १७. त्याच्या पायऱ्या तुला पाठ आहेत. तरी एकदा त्यांच्याकडे ठेवीदाराच्या जागेवरून बघ. चौकशी सुरू झाल्यावर दोन महिन्यांत शिफारस. आपण काय करणार, हे पर्यवेक्षकाने कामकाजाच्या दहा दिवसांत कळवायचं. महिनाभरात त्याने ऐकलं नाही तर युरोपीय आयोगाचं औपचारिक मत, तेही शिफारशीनंतर तीन महिन्यांच्या आत, आणि गरज पडल्यास आणखी महिनाभराने. तरीही हालचाल नसेल तर, काही अटी पूर्ण होत असतील तरच, प्राधिकरण पर्यवेक्षकाला ओलांडून थेट त्या बँकेला आदेश देऊ शकतं. या सगळ्या वाटेवर पर्यवेक्षकाला दंड कुठेच नाही. शेवटी उरतं ते आयोगाने त्या देशाला लक्झेंबर्गमधल्या युरोपीय न्यायालयात खेचणं, आणि त्याला वर्षं लागतात.

आता मंडळ. शिफारस काढायची की नाही हे ज्या पर्यवेक्षक मंडळात ठरतं, तिथे मताचा अधिकार सदस्य देशांच्या पर्यवेक्षकांच्या प्रमुखांना आहे. अध्यक्षाला मत नाही. आयोगाचा प्रतिनिधी बैठकीला असतो, त्यालाही मत नाही. म्हणजे भाऊबंदांतला तंटा भाऊबंदांनीच निवाडायचा. डेन्मार्कच्या पर्यवेक्षकाने कर्तव्यात कसूर केली का, हे फ्रान्सचा, इटलीचा, पोलंडचा पर्यवेक्षक ठरवणार. आणि आज जो निकष डेन्मार्कला लागेल तो उद्या आपल्याला लागेल, हे त्यातला प्रत्येक जण जाणून असणार.

डान्स्के बँकेचं प्रकरण तू दोन पानांत उरकलं आहेस. ते प्रबंधाच्या मध्यभागी यायला हवं. २००७ ते २०१५ या काळात या बँकेच्या एस्टोनियातल्या शाखेतून अनिवासी खातेदारांचे सुमारे २०० अब्ज युरो फिरले, आणि त्यातला मोठा भाग संशयास्पद होता. शाखेत काम करणाऱ्या हॉवर्ड विल्किन्सन यांनी २०१३च्या अखेरीपासून बँकेला आतून इशारे दिले. शाखा एस्टोनियात, मुख्यालय कोपनहेगनमध्ये. त्यामुळे मनी लाँडरिंगविरोधी देखरेख एस्टोनियाची, बँकेच्या एकूण कारभारावरची डेन्मार्कची. आणि प्रकरण उघड झाल्यावर दोन्ही पर्यवेक्षकांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. आयोगाने सांगितल्यावर बँकिंग प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१९मध्ये दोघांविरुद्ध रीतसर चौकशी सुरू केली. कायद्याचा भंग झाल्याची शिफारस मसुद्याच्या रूपात तयार झाली. १६ एप्रिल २०१९ रोजी ती मंडळापुढे आली आणि मंडळाने ती फेटाळली. चौकशी तिथेच बंद झाली. चौकशी सुरू होऊन बंद व्हायला दोन महिनेसुद्धा लागले नाहीत. डिसेंबर २०२२मध्ये याच बँकेने अमेरिकेच्या न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि सुमारे दोन अब्ज डॉलर भरायचं मान्य केलं. ही दोन प्रकरणं प्रबंधात शेजारी शेजारी ठेव. तुला जे सिद्ध करायचं आहे त्यातलं निम्मं तिथेच होईल.

मात्र इथे एक सोपं स्पष्टीकरण समोर येईल, त्याला भुलू नकोस. नऊ महिने आधी, जुलै २०१८मध्ये, याच मंडळाने मनी लाँडरिंगवर लक्ष ठेवणाऱ्या माल्टाच्या आर्थिक गुप्तवार्ता विभागाविरुद्ध पिलाटस बँकेच्या प्रकरणात शिफारस काढली होती. या बँकेबद्दल लिहिणाऱ्या पत्रकार डाफ्नी कारुआना गालिझिया यांची ऑक्टोबर २०१७मध्ये हत्या झाली होती आणि सगळ्या युरोपचं लक्ष माल्टाकडे होतं. नोव्हेंबर २०१८मध्ये आयोगाचं औपचारिक मतही आलं. तेव्हा 'लहान देशावर कायदा चालतो, मोठ्यावर नाही' असं लिहायचा मोह होईल. पण मग एस्टोनियाचं काय? तो देश काही मोठा नाही, आणि तोही सुटला. मला फरक वेगळा वाटतो. माल्टातला प्रश्न अरुंद होता: एक बँक, एक तपासणी, गंभीर उणिवा सापडूनही शिक्षा न करता बंद केलेली फाईल. तो निकष इतर पर्यवेक्षकांना भेडसावणारा नव्हता. डान्स्केच्या प्रकरणात प्रश्न होता वर्षानुवर्षांच्या देखरेखीच्या दर्जाचा, आणि दर्जा वाईट असला की तो कायद्याचा भंग ठरतो, असं एकदा मान्य केलं असतं तर मंडळातल्या प्रत्येकाच्या कपाटातल्या फायली उघड्या पडल्या असत्या. हे माझं अनुमान आहे. कागदपत्रांच्या आधारे ते खोडून काढलंस तर मला आनंदच होईल, पण तपासल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.

मेरोनी सिद्धांतावर तू चाळीस पानं योजली आहेस. दहा पुरेत. तो सिद्धांत ज्यातून निघाला तो युरोपीय न्यायालयाचा १९५८चा निकाल, आणि शॉर्ट सेलिंगवर (भाव पडेल या अंदाजाने हाती नसलेले शेअर्स विकण्यावर) बंदी घालण्याचे रोखेबाजार प्राधिकरणाचे अधिकार वैध ठरवणारा २२ जानेवारी २०१४चा निकाल, या दोहोंवर भरपूर लिहून झालंय. स्वविवेकाचे मोठे अधिकार अशा संस्थांना देऊ नयेत, या जुन्या भीतीमुळे ही प्राधिकरणं हात बांधलेली जन्मली, एवढं सांगून पुढे हो.

वाचवलेली पानं बल्गेरियाला दे. तुझ्या आराखड्यात बल्गेरिया नाहीच, आणि मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे. जून २०१४मध्ये तिथली चौथ्या क्रमांकाची कॉर्पोरेट कमर्शियल बँक मध्यवर्ती बँकेने विशेष देखरेखीखाली घेतली आणि ठेवीदारांचे पैसे गोठले. युरोपीय नियमानुसार ठेव 'अनुपलब्ध' झाली आहे का हे पर्यवेक्षकाने कामकाजाच्या पाच दिवसांत ठरवायचं असतं, म्हणजे एक लाख युरोपर्यंतची हमी देय होते. बल्गेरियाने परवाना रद्द होईपर्यंत, म्हणजे नोव्हेंबरपर्यंत, वाट पाहिली. लोकांना पैसे मिळायला लागले ते डिसेंबरमध्ये. पीएमसी बँकेच्या दारात २०१९मध्ये उभी असलेली माणसं ज्याने पाहिली आहेत, त्याला हे पाच-सहा महिने म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. घरभाडं, औषधं, पोरांची फी यांतलं काहीही परवाना रद्द होण्याची वाट बघत थांबत नाही.

त्याच वर्षी बँकिंग प्राधिकरणाने बल्गेरियाच्या मध्यवर्ती बँकेला उद्देशून कलम १७ची शिफारस काढली. पैसे मोकळे व्हायचे ते देशातल्या प्रक्रियेनेच झाले. पण पुढे ठेवीदार राजधानी सोफियाच्या न्यायालयांत गेले आणि तिथून प्रश्न लक्झेंबर्गला पोचले. ४ ऑक्टोबर २०१८च्या कांतारेव्ह निकालात न्यायालयाने सांगितलं की पाच दिवसांचा तो नियम ठेवीदार थेट मध्यवर्ती बँकेविरुद्ध वापरू शकतो. २५ मार्च २०२१च्या दुसऱ्या निकालाने आणखी एक गोष्ट केली: प्राधिकरणाची शिफारस बंधनकारक नसली तरी राष्ट्रीय न्यायालयाने ती विचारात घेतलीच पाहिजे, असं ठरवलं. आणि त्याच निकालात ती विशिष्ट शिफारस अंशतः अवैधही ठरवली, कारण बँक देखरेखीखाली घेण्याचा निर्णय म्हणजेच ठेव अनुपलब्ध झाल्याचा निर्णय, असं प्राधिकरणाने गृहीत धरलं होतं.

हा निकाल हळू वाच. त्यातून दोन गोष्टी कळतात. मंडळात ज्या शिफारशीला दात नसतात, तिला खालच्या न्यायालयात, नुकसानभरपाईच्या दाव्यात वजन येतं. आणि म्हणूनच ती काटेकोर लिहिलेली हवी. घाईत एक पायरी गाळली तर ज्या ठेवीदारासाठी ती काढली त्याच्याच हातातून ती निसटते. पुढे तू अशा एखाद्या संस्थेत मसुदे लिहायला बसशील तेव्हा वाचक म्हणून डोळ्यांसमोर मंडळ ठेवू नकोस. पाच वर्षांनी ते कागद हातात घेणारा सोफियातला किंवा एस्टोनियातल्या तालिनमधला न्यायाधीश ठेव. कोणत्या तारखेला पर्यवेक्षकाला काय माहीत होतं, कोणत्या कलमाने त्याला काय करायला सांगितलं होतं, आणि त्याने काय केलं नाही, एवढं त्याला निर्विवाद दिसलं पाहिजे.

ठेवीदाराच्या बाजूने उभी राहिलीस तर एक अडचण लक्षात ठेव. सामान्य तक्रारदाराला प्राधिकरणाकडून चौकशी मागण्याचा हक्क नाही. एसव्ही कॅपिटल नावाच्या कंपनीने तो मागून पाहिला; चौकशी करायची की नाही हा प्राधिकरणाच्या विवेकाचा भाग आहे, असं म्हणून न्यायालयांनी तिला परत पाठवलं. हे मला अन्यायकारक वाटतं. ज्याचं नुकसान झालं त्याला दार ठोठावता यावं आणि दार का उघडलं नाही याचं कारण त्याला मिळावं, एवढं तरी कायद्यात हवं. यावर तुझं प्रकरण धीटपणे लिही.

जर्मनीच्या वायरकार्ड या पेमेंट कंपनीबद्दल थोडक्यात. तिच्या हिशेबातले १.९ अब्ज युरो अस्तित्वातच नाहीत हे जून २०२०मध्ये उघड झाल्यावर रोखेबाजार प्राधिकरणाने कलम १७ला हात लावला नाही. जर्मनीच्या बाफिन या पर्यवेक्षकाचा समकक्ष आढावा (सक्तीऐवजी कामाची तपासणी करून काढलेला अहवाल) घेतला आणि नोव्हेंबरमध्ये प्रसिद्ध केला. त्यात अर्थमंत्रालयापासूनच्या स्वातंत्र्यावरही बोट ठेवलं होतं. आढाव्याला कायद्याची सक्ती नव्हती. पुढच्या वर्षी बाफिनचे प्रमुख बदलले, जर्मनीने कायदाही बदलला. याचं सगळं श्रेय आढाव्याला देऊ नकोस, कारण जर्मन संसदेची चौकशी आणि वर्तमानपत्रं त्याहून जोरात होती. पण उघडपणे प्रसिद्ध झालेला कागद काय करू शकतो हे त्यातून दिसतं. आणि हेही नोंदव की फेब्रुवारी २०१९मध्ये बाफिनने वायरकार्डच्या शेअर्सच्या शॉर्ट सेलिंगवर बंदी घातली तेव्हा याच प्राधिकरणाने त्या बंदीला अनुकूल मत दिलं होतं. वरच्या यंत्रणेला माहिती खालच्याकडूनच मिळते. ती कशी तपासायची, हा प्रश्न तुझ्या आराखड्यात कुठेच नाही.

सुधारणांच्या प्रकरणात, आयोगाने २०१७मध्ये स्वतंत्र कार्यकारी मंडळाचा प्रस्ताव मांडला होता आणि २०१९च्या अंतिम कायद्यातून तो गळला, हे आधी सांग. मगच फ्रँकफर्टच्या नव्या मनी लाँडरिंगविरोधी प्राधिकरणाकडे ये. तिथे अध्यक्ष आणि पाच पूर्णवेळ स्वतंत्र सदस्यांचं कार्यकारी मंडळ आहे आणि २०२८पासून चाळीस संस्थांवर ते थेट देखरेख करणार आहे. मला हे डान्स्केच्या मतदानाला दिलेलं उशिराचं पण प्रामाणिक उत्तर वाटतं.

एक मुंबईचा धागाही जोडून घे. ऑक्टोबर २०२२मध्ये रोखेबाजार प्राधिकरणाने सहा भारतीय क्लिअरिंग संस्थांची (बाजारातले सौदे पुरे होण्याची हमी घेणाऱ्या संस्थांची) मान्यता काढत असल्याचं जाहीर केलं, त्यात मुंबईची क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाही होती. कारण भारतीय नियामकांशी हवा तसा सहकार्य करार तेव्हा झाला नव्हता. आपल्या संस्थांवर परकी देखरेख रिझर्व्ह बँकेला मान्य नव्हती. युरोपीय प्राधिकरणांना जे रिझर्व्ह बँकेला सुनावता आलं ते डेन्मार्कच्या पर्यवेक्षकाला सुनावता आलं नाही, हे विचित्र दिसतं. पण मत देणारे कोण होते ते पाहा: भारताच्या प्रकरणातला निकष त्यांच्यापैकी कोणावरही उलटणार नव्हता.

सुधारलेला आराखडा पाठवण्याआधी बल्गेरिया, माल्टा आणि डान्स्के या तिन्हींच्या तारखा एका तक्त्यात मांड: पर्यवेक्षकाला कधी कळलं, प्राधिकरणाला कधी, आयोगाला कधी, मत कधी झालं, माणसाच्या हातात पैसे कधी पडले. डान्स्केपुढचा शेवटचा रकाना रिकामा राहील, तो तसाच ठेव आणि का रिकामा आहे ते खाली लिही. तक्ता आधी पाठवलास तरी चालेल, मी वाचून लगेच कळवीन.

तुझा,
काका