लेझर करा, पण सवलतीची तारीख पाळायला नको

प्रश्न थोडक्यात असा: वय २९, घरून व्हिडिओ एडिटिंगची कामं, पगार नाही. चष्म्याचा नंबर दोन्ही डोळ्यांना उणे ४.५०. चष्मा घालवायच्या लेझर शस्त्रक्रियेचा खर्च लेन्स, सोल्युशन आणि चष्मा मिळून होणाऱ्या पाच वर्षांच्या खर्चाएवढा. महिनाअखेरपर्यंत सवलत आहे, म्हणून सहा महिन्यांच्या खर्चाची बाजूला ठेवलेली ठेव मोडू की बिनव्याजी हप्ते घेऊ?

तुमचा हिशोब चुकलेला नाही. तिशीच्या आत केलं तर पस्तिशीपर्यंत पैसे वसूल होतात. चाळिशीनंतर जवळचं वाचायला चष्मा बहुतेक लागणारच, कारण तो दोष डोळ्याच्या आतल्या भिंगाचा असतो आणि लेझर फक्त बाहेरच्या पारदर्शक पडद्याचा, म्हणजे कॉर्नियाचा, आकार बदलतं. तरी मधली वर्षं तुमचीच. शिवाय रोजच्या सोयीला काही मोल आहेच, ते मी शून्य धरणार नाही.

मला खटकलं ते दुसरंच. तुम्ही सोबत जोडलेले नंबरचे दोन्ही कागद मी शेजारी ठेवून पाहिले. नऊ महिन्यांपूर्वी उणे ३.७५, आता उणे ४.५०. पाऊण नंबर वाढलाय. वर्षभरात अर्ध्यापेक्षा जास्त फरक पडत असेल तर डॉक्टर सहसा थांबायला सांगतात, कारण नंबर सरकत राहिला तर पैसे भरून पुन्हा चष्माच नाकावर येतो. हा निर्णय नेत्रतज्ज्ञांचा, माझा नाही. पण सवलतीच्या फोनवर तुम्हाला हे कोणी विचारलं का?

आता ठेवीबद्दल, आणि इथे मी ठाम आहे. ती मोडू नका. नोकरदार माणूस रजा टाकतो, त्याचा पगार चालू राहतो. तुमचं तसं नाही. ज्या आठवड्यात ठेव रिकामी होईल, नेमकी त्याच आठवड्यात कमाईही थांबेल. लॅसिक या नेहमीच्या लेझर पद्धतीनंतर बरेच जण एक-दोन दिवसांत कामाला लागतात. पण कॉर्निया पातळ असेल तर पीआरके ही दुसरी लेझर पद्धत सुचवतात, त्यात वरचा पापुद्रा काढतात आणि तो पुन्हा भरून यायला वेळ लागतो.

माझं पीआरकेच झालं होतं. तिसऱ्या दिवशी पडदे ओढलेल्या खोलीत डोळ्यांतून सारखं पाणी, मोबाईलचा उजेड सोसवेना. थेंबांच्या बाटल्या सारख्याच दिसायच्या, म्हणून एकीला रबरबँड गुंडाळला होता, हाताला कळावी म्हणून. पहिला आठवडा कामाविना गेला, आणि स्क्रीनवरचे बारीक आकडे न ताणता वाचायला महिना लागला. नजर छान आली, मला पश्चात्ताप नाही. पण तो महिना मी खर्चात धरला नव्हता. तुमचं तर कामच टाइमलाइनवर फ्रेम-फ्रेम बघण्याचं आहे. डोळ्यांचा कोरडेपणा काही महिने राहू शकतो, रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात. म्हणून किमान तीन आठवड्यांची कमाई गेली असं धरा. लवकर बरं वाटलं तर उत्तमच.

बिनव्याजी हप्त्यांचं म्हणाल, तर रोख भरणाऱ्याला मिळणारी सूट आणि प्रोसेसिंग फी मिळवून बघा. व्याज तिथेच बसलेलं असतं. विमा पॉलिसीत चष्मा घालवण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल काय लिहिलंय तेही वाचून घ्या, बहुतेक वेळा ती वगळलेली असते.

मी तुमच्या जागी असतो तर आत्ता फक्त तपासणीवर पैसे खर्च केले असते: कॉर्नियाची जाडी, टॉपोग्राफी (म्हणजे त्याच्या पृष्ठभागाचा नकाशा), कोरडेपणा. त्याआधी लेन्स किती दिवस बंद ठेवायच्या ते विचारा, नाहीतर मापं चुकतात. कॉर्नियाच योग्य नसेल तर पुढचा सगळा प्रश्न मिटला, आणि तो थोडक्यात मिटला. योग्य असेल तर दर महिन्याला वेगळी रक्कम टाकत चला. त्यात शस्त्रक्रिया, थेंब, फेरतपासण्या आणि तीन आठवड्यांची कमाई, एवढं सगळं यायला हवं. नंबर थोडा उरल्यास पुन्हा लेझरचा खर्च कोण करणार याचं लेखी उत्तरही घ्या.

वर्षभराने पुन्हा नंबर काढा आणि तो कागद आजच्या कागदाशेजारी ठेवा. फरक अर्ध्याच्या आत असेल, डॉक्टर हो म्हणत असतील आणि ती वेगळी रक्कम साठली असेल, तर कामाचा मंदीचा महिना बघून तारीख घ्या. सवलत तेव्हाही कुठली तरी चालू असेल.