पाकळी नेमकी कुठे पडते?

प्रश्न : आमचे काजू प्रक्रियेचे छोटे युनिट आहे. यंदा कामाचा वेग वाढला, पण अख्खा गर कमी आणि पाकळी (दुभंगलेला गर) व तुकडा जास्त निघतो. कटिंगवाल्या (बीचे कवच फोडणाऱ्या) सोलणीकडे बोट दाखवतात, सोलणीवाल्या (गराची साल काढणाऱ्या) कटिंगकडे. मोजायचे काय? – एक वाचक, डिचोली

उत्तर : दिवसाअखेरच्या किलोंवरून वेग कळतो, गराची मोडतोड कुठे झाली ते कळत नाही. कटिंगनंतर एक किलो आणि सोलणीनंतर एक किलो गर घ्या. चार-पाच ट्रेंमधून, तळापर्यंत हात घालून घ्या. चुरा खाली बसतो, म्हणून वरवरचा नमुना नेहमी गोड आकडा देतो. त्यातला अख्खा गर वेगळा तोला. कटिंगनंतर ९०० ग्रॅम आणि सोलणीनंतर ७६५ भरला, तर कटिंगचा टक्का ९० आणि सोलणीचा ७६५ भागिले ९००, म्हणजे ८५. मात्र कटिंगनंतरच तुम्ही तुकडा बाजूला काढत असाल, तर हा भागाकार करू नका. सोलणीचा टक्का थेट मिळतो.

सोलणीचा टक्का घसरला म्हणून लगेच सोलणाऱ्यांना बोलू नये. तिथली बरीच मोडतोड सोलणीआधी ड्रायरमध्येच शिजलेली असते. गर कमी वाळला तर साल चिकटून राहते, सुरीने खरवडावी लागते आणि गर दुभंगतो. जास्त वाळला तर बोटांच्या दाबानेही फुटतो. ड्रायरचे तापमान, वेळ आणि ट्रे खाली-वर केल्याची नोंद त्याच वहीत ठेवा. कटिंगचा टक्का पडला तर तीन गोष्टी तपासा : वाफवलेली बी रात्रभर निवली होती का, आकारानुसार चाळली होती का, पात्याची धार आणि अंतर. मोठ्या बीला लावलेल्या पात्यात बारीक बी नीट फुटत नाही, बारीकला लावलेले पाते मोठ्या बीचा गर कापते. वेग वाढवताना निवण्याचे तास कापले असतील, तर पहिला संशय तिथेच.

रोजच्या चढउताराने घाबरू नका. टप्प्याच्या टक्क्याची वीस दिवसांची सरासरी काढा; लागोपाठच्या दोन दिवसांतल्या फरकांचीही सरासरी काढून तिला २.६६ ने गुणा आणि येणारा आकडा पहिल्या सरासरीतून वजा करा, तिच्यात मिळवा. सरासरी ७८ आणि फरकाची सरासरी २ असेल तर ७२.७ ते ८३.३ हा तुमच्या कामाचा नेहमीचा पट्टा. ७५ आला तर कारण शोधत बसणे व्यर्थ. ७१ आला तर त्याच दिवशी वही उघडा. गावठी बी संपून आयात बी सुरू झाली की हिशेब नव्याने मांडा, दोन्हींचे आकडे एकत्र करू नका.

प्रश्न : प्रत्येकीचा आकडा नावासकट फळ्यावर लिहावा का? – तेच वाचक

उत्तर : नको. तुकडा दुसऱ्याच्या ट्रेमध्ये सरकू लागेल आणि मोजमापच खोटे होईल. फळ्यावर टप्प्याचा टक्का लिहा. मजुरी नुसत्या किलोवर देत असाल तर ती आधी बदला : अख्ख्या गराला वेगळा दर, तुकड्याला वेगळा.