जुनी नळवाहिनी: डागडुजी, कर्ज की साठवलेला निधी?

आपण कळवलेली परिस्थिती थोडक्यात अशी. घर 38 वर्षांचे असून भिंतींतील पाईप मूळचेच, जीआयचे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे आहेत. गेल्या दोन वर्षांपैकी पहिल्या वर्षी एकदा आणि दुसऱ्या वर्षी दोनदा गळती झाली. या तीन दुरुस्त्यांवर मिळून सव्वा महिन्याच्या घरखर्चाइतकी रक्कम गेली. सर्व पाईप बदलायचे तर पाच महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम लागेल, आणि आपला आपत्कालीन निधी सात महिन्यांचा आहे. एवढ्या रकमेत आठ वर्षे डागडुजी करता येईल, मग आताच निधी का मोडावा किंवा कर्ज का काढावे, असे आपण विचारता.

आठ वर्षांचा हा हिशोब गणित म्हणून बरोबर आहे. परंतु त्यात गळतीचे प्रमाण पुढेही तेवढेच राहील असे गृहीत धरले आहे आणि ते मला मान्य नाही. जीआय पाईपमधील जस्ताचा थर झिजला की लोखंड आतून गंजू लागते, गंजाचे थर साचत जातात आणि पाण्याची वाट अरुंद होते. अशा पाईपांचे आयुष्य सर्वसाधारणपणे 40 ते 50 वर्षे धरले जाते आणि पाणी क्षारयुक्त किंवा आम्लधर्मी असेल तर ते त्याहून कमी भरते. म्हणूनच रकमेपेक्षा मला अधिक महत्त्वाचे वाटते ते हे, की तिन्ही गळत्या तीन वेगवेगळ्या ठिकाणी झाल्या. एकच सांधा पुन्हापुन्हा गळत असता तर मी डागडुजीच सुचवली असती. येथे मात्र संपूर्ण वाहिनीचेच वय झाल्याची शक्यता अधिक आहे.

तरीही अंदाजावर एवढी रक्कम खर्च करू नये. पुढच्या दुरुस्तीत कापून काढलेला पाईपचा तुकडा प्लंबरकडून मागून घ्यावा आणि त्याचा आतला व्यास मोजावा. 20 मिलिमीटरची वाट गंजाने 10 मिलिमीटर उरली असेल, तर पाणी जाण्याची जागा निम्मी नव्हे, तर एक चतुर्थांश उरलेली असते. दुसरी तपासणी बिनखर्चाची आहे. रात्री सर्व नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवावा आणि मध्ये पाणी न वापरता सकाळी पुन्हा पाहावा; आकडा पुढे सरकलेला असेल तर कोठेतरी न दिसणारी गळती आहे. सेकंदाला पाव मिलिलिटरचा एक थेंब म्हणजे दिवसाला सुमारे साडेएकवीस लिटर पाणी होते, आणि ते पाणी भिंतीत मुरत राहिले तर प्लास्टर, रंग आणि लाकूडकाम या सर्वांचा खर्च मागे लागतो. आपल्या तीन दुरुस्त्यांतही प्लंबरच्या मजुरीपेक्षा फरशी आणि रंगावरच अधिक पैसे गेले, असे आपणच लिहिले आहे.

कर्जाच्या बाजूने मी नाही. हाताशी बचत असताना कर्ज घेतले की ठेवीवर मिळणाऱ्या व्याजापेक्षा अधिक दराने व्याज भरावे लागते, आणि प्रत्येक महिन्याचा हप्ता बांधला जातो. मात्र सातपैकी पाच महिन्यांचा निधी एकदम काढणेही मला पटत नाही, कारण दोन महिन्यांच्या शिलकीवर नोकरी जाण्याचा किंवा आजारपणाचा प्रसंग निभावत नाही.

म्हणून काम दोन टप्प्यांत करावे. भिंतीत गाडलेली गरम पाण्याची वाहिनी आणि न्हाणीघरे आधी घ्यावीत, कारण उष्णतेमुळे गंज लवकर वाढतो आणि तेथील गळती सर्वांत उशिरा दिसते. हा टप्पा तीन महिन्यांच्या खर्चात बसत असेल तर निधीत चार महिने उरतात. आपण दर महिन्याला पाव महिन्याच्या खर्चाइतकी बचत करता. तेव्हा आठ महिन्यांत दुसऱ्या टप्प्याची दोन महिन्यांची रक्कम जमेल आणि निधीला पुन्हा हात लावावा लागणार नाही. निवृत्तीसाठीची गुंतवणूक यासाठी थांबवू नये.

अंदाजपत्रक घेताना साहित्य, मजुरी आणि तोडफोडीनंतरची फरशी-रंगाची भरपाई असे तीन भाग वेगळे लिहून मागावेत. जुने पाईप भिंतीतच सोडून नवे शक्य तेथे भिंतीवरून उघडे नेले तर तिसरा भाग पुष्कळ कमी होतो. दिसायला ते तितके नीटस नसते, पण पुढची दुरुस्ती सोपी होते. सीपीव्हीसी, म्हणजे उष्णता सोसणारे प्लास्टिक, गरम पाण्याला चालते, साधे पीव्हीसी चालत नाही. तांबे निवडल्यास जुन्या लोखंडाशी त्याची थेट जोडणी होऊ देऊ नये, कारण त्यामुळे लोखंड अधिक वेगाने गंजते. दोन टप्प्यांच्या कामात हा धोका मधल्या काळात असतोच. भिंती उघडल्यावर निघणाऱ्या कामासाठी अंदाजाच्या 15 ते 20 टक्के रक्कम बाजूला ठेवावी.

गृहविम्यावर मात्र भिस्त ठेवू नये. अचानक पाईप फुटून झालेले नुकसान बहुधा त्यात धरले जाते, हळूहळू गंजून झालेले सहसा धरले जात नाही. प्लंबरला कामाच्या पैशांचा शेवटचा हप्ता दाबाची चाचणी, म्हणजे पाईपांत दाबाने पाणी भरून गळती पाहणे, झाल्यानंतरच द्यावा, आणि ती चाचणी झिऱ्या, म्हणजे पाईपांसाठी भिंतीत पाडलेल्या खाचा, बुजवण्यापूर्वी, आपण समोर उभे असताना व्हावी.